आईच्या ॲड्रिनलवर 9 सेंमीची गाठ, साधी आहे म्हणतात तरी ऑपरेशन?

माणदेशी:
नमस्कार मंडळी. आई 54 वर्षांची, पित्ताचे खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली तर उजव्या किडनीच्या वर जी ॲड्रिनल ग्रंथी असते तिथे गाठ निघाली, मग सीटी केला, 9 सेंमी, मायलोलायपोमा वाटतो असं रिपोर्टमध्ये आहे. त्रास म्हणाल तर कुशीत जड वाटतं एवढंच. बीपीची गोळी चार वर्षांपासून चालू आहे. एक सर्जन म्हणाले कॅन्सर वाटत नाही पण काढा, आणि पोट उघडूनच करावं लागेल, दुसरे म्हणाले दुर्बिणीतून होईल. साधीच गाठ आहे तर कशाला हात लावायचा असं घरात सगळ्यांचं, मामा म्हणतो आधी सुई घालून तपासा. कोणाला अनुभव असेल तर सांगा, झोप उडालीय.

तुळजाई:
दादा, माझ्या मिस्टरांची डावीकडची होती, 11 सेंमी, हीच मायलोलायपोमा. दुर्बिणीतून सुरू केलं पण गाठ आजूबाजूला चिकटलेली म्हणून मध्येच पोट उघडलं, तसं होऊ शकतं हे आधीच सांगून सही घेतली होती म्हणून आम्ही घाबरलो नाही. सहाव्या दिवशी घरी आलो, नंतर पंधरा दिवस खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरायचे. पण एक सांगते, पहिल्या हॉस्पिटलात हार्मोनची एकही टेस्ट न करता तारीख दिलेली, भूलतज्ज्ञ मॅडमनी अडवलं म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं देव जाणे.

भूल_विभाग:
त्या मॅडमनी अगदी बरोबर केलं. मी भूल देतो, म्हणून कळकळीने सांगतोय, ऑपरेशन कसं करायचं हे नंतर, गाठ हार्मोन सोडते का हे आधी. मायलोलायपोमा म्हणजे चरबी आणि रक्त तयार करणारा मज्जेसारखा भाग, ती स्वतः सहसा हार्मोन सोडत नाही, पण आईंना बीपी आहे म्हणून सगळं तपासा. फिओक्रोमोसायटोमा, थोडक्यात फिओ, म्हणजे बीपी वाढवणारे हार्मोन सोडणारी ॲड्रिनलची गाठ, त्यासाठी मेटानेफ्रिनची टेस्ट, रक्तातून किंवा 24 तासांच्या लघवीतून. कॉर्टिसॉल या ॲड्रिनलच्याच हार्मोनसाठी रात्री 11 ला डेक्सामेथासोनची 1 मिग्रॅ गोळी देऊन सकाळी 8 ला रक्त. बीपीसाठी अल्डोस्टेरॉन, रेनिन, पोटॅशियम. फिओ असला आणि तयारीशिवाय गाठीला हात लागला तर टेबलवर बीपी एकदम भडकतं, म्हणून आधी एक-दोन आठवडे अल्फा ब्लॉकरच्या गोळ्या, भरपूर पाणी, मीठ, आणि बीटा ब्लॉकर लागलाच तर अल्फानंतरच, आधी कधीच नाही. मामांना सांगा, याच कारणाने सुई आधी घालायची नाही, आणि साधी की कॅन्सर हेही सुईने नीट कळत नाही.
काढायची का, तर मायलोलायपोमा लहान असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, पण एवढी मोठी, त्यात जडपणा, अशी गाठ आतल्या आत फुटून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून काढा म्हणतात ते पटण्यासारखं आहे. दुर्बिणीतून ॲड्रिनल काढल्याचं पहिल्यांदा 1992 मध्ये छापून आलं, तेव्हा 6 सेंमीच्या वरच्या गाठी बहुतेक उघडूनच काढायचे, आता सरावाचा सर्जन मोठ्याही दुर्बिणीतून काढतो, पण कॅन्सरची शंका असेल तर उघडूनच बरं. उजवीकडची शीर अगदी आखूड असते आणि सरळ मोठ्या महाशिरेला मिळते, तिथे हात सरावाचाच हवा. सर्जनना सरळ विचारा, वर्षाला ॲड्रिनलची किती ऑपरेशनं करता? चांगला सर्जन रागवत नाही.

माणदेशी:
डॉक्टर, तुळजाई ताई, खूप आभार. सर्जनना विचारलं, त्यांनी स्वतःच एंडोक्रिनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं, ऑपरेशनची तारीख पुढे ढकललीय. लघवीचा कॅन आणलाय, सकाळची पहिली धरायची का सोडायची?

भूल_विभाग:
पहिल्या दिवशी सकाळची पहिली सोडा, वेळ लिहून ठेवा, तिथून पुढची प्रत्येक कॅनमध्ये, रात्रीचीसुद्धा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली धरा आणि थांबा. कॅनमध्ये लॅबने ॲसिड घातलेलं असेल तर ते सांडू नका. चालू गोळ्या सगळ्या लॅबला सांगा, पॅरासिटामॉलसुद्धा. मनाने काहीही बंद करू नका.