बाबांच्या मानेच्या नसेत प्लाक, आत सूज: कोणती गोळी? (महिना ५०० च्या आत)

परभणीची_लेक: बाबा ६१ वर्षांचे. डॉपलरमध्ये (नसांची सोनोग्राफी) प्लाक, म्हणजे नसेत साचलेला चरबीचा थर, निघाला. ॲटॉर्व्हा १० मिलिग्रॅम (स्टॅटिन गटातली कोलेस्टेरॉलची गोळी) चालू आहे, तरी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १०४ आणि एचएस-सीआरपी (रक्तातून सूज कळते ती तपासणी) ३.४. डॉक्टर म्हणायलेत, कोलेस्टेरॉल उतरवायचंच, पण प्लाकमधली सूजही बसली पाहिजे. नाहीतर वरचं आवरण फाटून गुठळी होते. पर्याय तीन: ॲटॉर्व्हा ८०, त्याच गटातली रोसुव्हा २०, नाहीतर चालू गोळीला इझेटिमाइब जोडायची. सोयाबीनचे पैसे अजून आले नाहीत, महिन्याला ५०० च्या वर जमणार नाही.

नांदेडकर_भाऊ: रोसुव्हाच! मी घ्यायलोय, एलडीएल ५८ वर आलंय. २००८ ची ज्युपिटर चाचणी बघा. एलडीएल १३० च्या आत पण सीआरपी २ किंवा जास्त, अशा लोकांना रोसुव्हा २० दिली. सीआरपी ३७ टक्के उतरला.

उदगीरची_सीमा: माझ्या भाच्याच्या सासऱ्यांना पुण्यात इन्क्लिसिरान, कोलेस्टेरॉलचं इंजेक्शन, दिलं. पहिले डोस झाले की दर सहा महिन्यांनी एकच इंजेक्शन. रोजची कटकटच नाही. जिवापुढं पैसा काय?

परभणीची_लेक: ताई, ५०० म्हणलंय मी.

बीडचा_शेतकरी: आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या करडईचं तेल. आता सगळे पामतेल खायलेत, मग नसा भरणारच. घाण्यावरून आणा.

नांदेडकर_भाऊ: दादा, तेल चांगलंच, पण तयार प्लाक तेलानं बसत नाही.

बीडचा_शेतकरी: तुम्ही करडई पेरली का कधी?

जालना_मेडिकल: दुकानावर रोज हेच विचारतात. इझेटिमाइब आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, एलडीएल साधारण पाचव्या हिश्शानं उतरतं. एकटी घेतली तर सीआरपी फारसा हलत नाही. एव्होलोक्युमॅबसारखी इंजेक्शनं एलडीएल ६० टक्के पाडतात, सीआरपी मात्र तिथंच. सूज बसवायची असेल तर स्टॅटिनच, रोसुव्हा २० घ्या. जनऔषधीत विचारा, बजेटात बसेल.

हिंगोली_१९: रोसुव्हानं आमच्या मामांच्या पिंढऱ्या इतक्या दुखायच्या की जिना चढवेना. लघवी गडद झाली तर थांबू नका, डॉक्टरांना गाठा. इझेटिमाइब बरी.

धाराशिवचे_गुरुजी: कोल्चिसिनचं कुणीच बोलेना. गाऊटची (सांधे सुजण्याचा आजार) जुनी, स्वस्त गोळी. २०२० च्या लोडोको-२ चाचणीत ०.५ मिलिग्रॅमनं हृदयरोग्यांचे झटके कमी झाले. ही कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही, थेट सुजेवर जाते.

जालना_मेडिकल: गुरुजी, किडनी कमजोर असेल तर ती जपून. शिवाय २०२४ च्या क्लिअर सिनर्जीत, हार्ट अटॅकनंतर लगेच सुरू केली तिथं फायदा दिसला नाही.

लातूर_लॅब: सीआरपी एकदाच केलाय का? ताप, दाढेतला पू, साधी सर्दी असली तरी वाढतो. दोन आठवडे थांबून पुन्हा करा.

नांदेडकर_भाऊ: तरी रोसुव्हाच.

परभणीची_लेक: सगळ्यांचे आभार. दाढ काढून पुन्हा तपासला, २.९ आला. ॲटॉर्व्हा ८० ठरवली. बाबांचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.६ आहे, म्हणजे जास्तच. किडनी आणखी खालावली तर रोसुव्हाचा डोस कमी करावा लागतो, ॲटॉर्व्हाचा नाही. शिवाय डॉक्टरांनी २०१३ चा पेट स्कॅनचा (PET, नसेतली सूज दाखवणारा स्कॅन) अभ्यास दाखवला: ॲटॉर्व्हा १० पेक्षा ८० नं नसेतली सूज जास्त उतरली, तीही काही आठवड्यांतच. बाबांना हीच गोळी आजवर सोसली आहे. सहा आठवड्यांनी लिपिड आणि लिव्हरची तपासणी.

जालना_मेडिकल: ठीक. पण एलडीएल ७० च्या खाली आलं नाही तर इझेटिमाइब जोडायचं विचारा. आणि ८० वर असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं, तर आधी ॲटॉर्व्हा चालू असल्याचं सांगा.