उन्हाळ्यानंतर सशांच्या माद्या गाभण राहत नाहीत: दोष वीर्याचा की संप्रेरकाचा?

माणदेशी_शेतकरी:
नमस्कार. सोलापूर जिल्ह्यात माझे न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशांचे शेड आहे. नर घरचेच असून कृत्रिम योनीने घेतलेले वीर्य त्याच दिवशी रेतनासाठी वापरतो आणि प्रत्येक मादीला ब्युसेरेलिन या संप्रेरकाचे ०.८ मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन देतो. हिवाळ्यात बहुतेक माद्या फळत होत्या. जुलै लागल्यापासून मात्र निम्म्याहून अधिक माद्या १४ व्या दिवशी पोट चाचपल्यावर रिकाम्या निघत आहेत. आता हवा गार आहे, नर उत्साहाने उडी घेतात, वीर्यही भरपूर मिळते. नर बदलावेत की संप्रेरकाची मात्रा वाढवावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पशुवैद्य_कऱ्हाड:
तूर्त दोन्ही करू नये. सशामध्ये शुक्राणू तयार होण्यास सुमारे सात आठवडे लागतात आणि अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या नळीतून) पुढे सरकण्यात आणखी आठ-दहा दिवस जातात, त्यामुळे मे महिन्यातील उष्म्याचा फटका हवा गार झाल्यानंतरही जुलैच्या वीर्यात दिसू शकतो. नराची उडी ही त्याच्या इच्छेची खूण आहे; वीर्याचा दर्जा तिच्यावरून ठरवता येत नाही.

आपण सर्व नरांचे वीर्य एकत्र करून पातळ करता का?

माणदेशी_शेतकरी:
होय, एकत्र करून सरसकट दहापट पातळ करतो.

पशुवैद्य_कऱ्हाड:
मग आधी तेच थांबवावे, कारण मिश्रणात एखाद्या नराचे खराब वीर्य सहज झाकले जाते. प्रत्येक नराचे वीर्य वेगळे घ्यावे, त्यातला जेलचा गोळा काढून टाकावा आणि पिवळसर झाक असेल तर लघवी मिसळल्याचे समजून ते फेकून द्यावे. चांगले वीर्य हस्तिदंती पांढरे दिसते. काचपट्टी ३७ अंशांवर ऊबदार ठेवूनच गतिशीलता पाहावी. थंड काचेवर उत्तम शुक्राणूही मंदावतात. किमान ७० टक्के शुक्राणू हलते असावेत. विरलकाचे (वीर्य पातळ करण्याच्या द्रावणाचे) तापमानही वीर्याइतकेच असावे. किती पातळ करायचे, हे शुक्राणूंची संख्या मोजून ठरवावे, कारण अर्ध्या मिलिलिटरच्या रेतमात्रेत एक ते दोन कोटी शुक्राणू जावे लागतात आणि उन्हाळ्यानंतर दाटपणा घटलेला असताना दहापट पातळ केल्यास तेवढे उरतीलच असे नाही.

ससेपालक_ताई:
संप्रेरकाबद्दल माझे निरीक्षण सांगते. सशात बीजमोचन (अंडाशयातून बीज बाहेर पडणे) आपोआप होत नाही, ते समागमाने किंवा इंजेक्शनने घडवावे लागते. रिकामी मादी १६ ते १८ व्या दिवसांच्या सुमारास पोटाचे केस उपटून घरटे करू लागली, तर ती खोटी गाभण होती (बीज सुटले, पण गर्भ राहिला नाही), म्हणजे इंजेक्शनने आपले काम केले होते आणि शोध वीर्याकडेच वळवावा लागतो. अशी मादी १४ व्या दिवशी रिकामी आढळली तरी तिचे लगेच पुन्हा रेतन करू नये. खोट्या गाभणपणाचा हा काळ संपू द्यावा.

शिवाय दूध पाजणाऱ्या आणि कोरड्या माद्यांची नोंद वेगळी ठेवावी. पाजणाऱ्या माद्यांमध्ये माज कमी असतो; रेतनापूर्वी २४ तास पिल्ले वेगळी ठेवल्यास तो वाढतो. योनिमुख फिकट दिसत असेल, तर त्या दिवशी रेतन टाळलेले बरे.

पशुवैद्य_कऱ्हाड:
ताईंच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे. ज्या नराचे वीर्य सप्टेंबरच्या मध्यापर्यंतही सुधारणार नाही, त्यालाच बदलावे.