ठिबक केलं, मग पाणी गेलं कुठं?

मांजराकाठ
काल इथं एकाने लिहिलं, "ठिबक आणि सौरपंप आले, आता पाण्याच्या मर्यादेचं रडगाणं बंद करा. शेतकऱ्याला बंधनं नकोत, तंत्रज्ञान द्या." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

वडिलांनी दोन एकर उसाला ठिबक केलं. पाणी वाचलं, नाही म्हणत नाही. त्या वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला. भावकीत सगळ्यांनी तेच केलं. चार वर्षांत 300 फुटांचा बोअर आटला. मग 600 फूट, मग 850. शेवटच्याला नुसता फुफाटा. कर्ज अजून फेडतोय. सौरपंपाला ना बिल, ना भारनियमन. ऊन असेतो उपसा चालूच. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरची, म्हणजे जेमतेम 200 फुटांची मर्यादा आहे. आमच्याकडे बोअरची गाडी त्यानंतरच तापते. ठिबकाला माझा विरोध नाही. शिवारातून एकूण किती उपसायचं हे कुणी ठरवलं नाही, राग त्याचा आहे.

बागायतदार
मर्यादा फक्त आम्हालाच का? उसाला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर आहे, तोड येते, कारखाना उचलतो. सोयाबीन मी दोन वर्षं हमीभावाच्या खाली विकलं. आधी तूर-सोयाबीनची खरेदी पक्की करा, मग ऊस सोडायला सांगा.

दुचाकीस्वार
उसाचा विषय निघालाच आहे तर इथेनॉलवर बोला. माझी गाडी 2014 ची. उसापासूनचं हे इथेनॉल पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळायला लागल्यापासून ॲव्हरेज पडलंय. पंपावर दुसरं पेट्रोल मागायची सोयच नाही.

बागायतदार
त्याच इथेनॉलमुळे आमची थकलेली ऊसबिलं निघाली, भाऊ. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी आणली, नंतर थोडी सैल केली. तेव्हा आमच्या पोटात गोळा आला होता.

दुचाकीस्वार
म्हणजे तुमची बिलं माझ्या खिशातून? मी रोज 40 किलोमीटर कामावर जातो.

बागायतदार
आणि आम्ही काय फिरायला जातो?

मांजराकाठ
दोघंही पाण्यावर या. इथेनॉलला हरित इंधन म्हणता, त्या हिशेबात उसाला दिलेलं पाणी धरलंय का? 2016 ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. मी बहिणीकडे होतो, घागरी घेऊन रांगेत.

बागायतदार
चार एकर ऊस तुमच्याच वडिलांनी लावला ना? त्यांची हौस झाली, आता बंधनं आम्हाला?

मांजराकाठ
वडिलांना मध्ये आणू नका. त्यांची चूक मीच इथं लिहिली आहे.

नगरची_लेक
भांडू नका. आमच्या नगरच्या हिवरे बाजार गावात पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पिकं ठरतात. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. ठिबक तिथंही आहे, पण ताळेबंदाच्या आत. माझ्या माहेरच्या गावानेही तसा ठराव केला होता. दोन वर्षांत मोडला. एकाने रात्री दोनला गाडी आणून बोअर पाडला, आणि सरपंच त्याचा सख्खा चुलता. आई अजून टँकरची वाट बघते.

बागायतदार
ताई, हिवरे बाजार मान्य. पण तिथं पोपटराव पवार 1989 पासून सरपंच झाले आणि पाय रोवून उभे राहिले. आमच्याकडे दर पाच वर्षांनी गट बदलतो. ठराव झाला तर नवा बोअर घेणार नाही, एवढं लिहून देतो. पण बांधाशेजारच्याने आधी सही करायची. त्याच्या आधी मी नाही.