एकाच कॉमिकच्या दोन आवृत्त्या, दोन वेगळी रंगसंगती: मूळ कोणती मानावी?

चित्रवेडी:
'बॅटमॅन: द किलिंग जोक' या कॉमिकच्या दोन आवृत्त्या मी नुकत्याच शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. १९८८ ची आवृत्ती जॉन हिगिन्स यांनी रंगवली होती, तर २००८ च्या आवृत्तीसाठी चित्रकार ब्रायन बोलंड यांनी स्वतःच सगळी पाने नव्याने रंगवली. रेषा आणि संवाद तेच आहेत, पण जुन्या प्रतीत जांभळ्या-नारिंगी रंगांनी पेटलेली पाने नव्या प्रतीत थंड पडली आहेत. भूतकाळातले प्रसंग तर जवळजवळ राखाडी असून त्यांत एखादीच वस्तू लाल राहते. यांपैकी मूळ कोणती म्हणावी? आणि देश बदलला की रंगही बदलतात, ते केवळ छपाईमुळे की आणखी काही कारणाने?

छापखाना:
आधी छपाईचे सांगतो, कारण पुष्कळसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. अमेरिकी कॉमिक कित्येक दशके स्वस्त न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर, छापली जात. रंगकार पानाच्या छोट्या प्रतीवर पाण्याचे रंग भरून प्रत्येक जागी सांकेतिक अक्षरे लिहून देई आणि त्यावरून प्रत्येक शाईची वेगळी प्लेट दुसरेच कोणीतरी तयार करी. पिवळी, लाल आणि निळी अशा तीन शाया, आणि प्रत्येकीच्या चारच पातळ्या, म्हणजे अजिबात नाही, पाव, अर्धी किंवा पूर्ण. त्यामुळे एकूण ६४ छटा मिळत. गोऱ्या त्वचेसाठी 'वाय-टू आर-टू' हा संकेत असे, म्हणजे पाव पिवळा आणि पाव लाल. भिंगातून पाहिले तर तो चेहरा पांढऱ्या जागेत विखुरलेल्या गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांचा दिसतो.

न्यूजप्रिंटचा कागद मुळात पिवळट, शिवाय तो शाई शोषून घेतो, म्हणून ठिपका पसरतो आणि रंग मळतो. हे ठाऊक असल्यामुळेच रंगकार मुद्दाम भडक रंग निवडत. आज शायांचे तेच प्रमाण जसेच्या तसे चकचकीत आर्ट पेपरवर छापले की रंग डोळ्यांना टोचतात, आणि प्रकाशक मात्र त्याला 'मूळ रंगांशी प्रामाणिक' म्हणतात. माझ्या मते हा प्रामाणिकपणा नव्हे. 'द किलिंग जोक' मात्र चांगल्या कागदावर निघाले होते, त्यामुळे तिथला भडकपणा कागदाच्या माथी मारता येणार नाही. ती हिगिन्स यांची निवडच आहे.

पानोपान:
देशागणिक बदलणाऱ्या रंगांचे उत्तम उदाहरण म्हणजे फँटम, अर्थात आपला वेताळ. १९३६ साली सुरू झालेली त्याची दैनिक चित्रपट्टी कृष्णधवल होती. रविवारची रंगीत पाने १९३९ मध्ये आली आणि त्याचा पोशाख जांभळा ठरला. परदेशी प्रकाशकांनी मात्र आपापले रंग निवडले: स्वीडनमध्ये तो निळा झाला, तर इटलीत लाल. त्या त्या देशाच्या वाचकांना तोच रंग खरा वाटतो. गंमत म्हणजे, त्याचे निर्माते ली फॉक यांच्या मनात राखाडी रंग होता.

राखाडीवरून हल्क आठवला. १९६२ च्या पहिल्या अंकात तो राखाडी होता, परंतु ही छटा पानोपानी वेगळीच उमटली, कारण ठिपक्यांतून राखाडी साधताना एखादी शाई किंचित जास्त झाली तरी रंग त्या बाजूला झुकतो. दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला, आणि पुढे त्या पहिल्या कथेच्या पुनर्मुद्रणांतही त्याला हिरवे रंगवले जाऊ लागले. म्हणजे 'जुनी कथा' म्हणून हाती येणारी प्रत कधीकधी जुनी नसतेच.

कुंचला:
युरोपात कामाची पद्धतच निराळी होती. फ्रेंच-बेल्जियन परंपरेत पान फिकट निळ्या किंवा राखाडी रेषांत छापून त्यावर थेट ब्रशने रंग भरत आणि काळ्या रेषांची पारदर्शक फिल्म वरून बसवत. त्यामुळे रंगाची प्रत्येक छटा हाताची असे आणि काळी रेषा स्वच्छ राही. तरी 'टिनटिन'चे सुरुवातीचे अल्बम, म्हणजे पुस्तकरूपातले भाग, मुळात कृष्णधवलच होते. १९४० च्या दशकात ते पुन्हा बेतून रंगीत केले गेले. सोव्हिएत देशातल्या पहिल्या साहसाला तर २०१७ साली रंग चढले.

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, बहुतांशी कृष्णधवल. तरीही 'अकिरा' १९८८ पासून अमेरिकेत रंगीत निघाली, तीही संगणकावर स्टीव्ह ऑलिफ यांनी रंगवून, आणि मूळ चित्रकार कात्सुहिरो ओतोमो यांच्या संमतीने. फ्रान्समधील वाचकांपर्यंत ती प्रथम याच रंगांत पोहोचली.

चित्रवेडी, म्हणूनच बोलंड यांची प्रत त्यांनी स्वतः रंगवली एवढ्यावरून ती 'मूळ' ठरते, हे मला पटत नाही. रेषा त्यांच्या, पण वीस वर्षे वाचकांनी जी भीती अनुभवली ती हिगिन्स यांच्या रंगांतून.

चित्रवेडी:
आभारी आहे. आता २००८ ची प्रत मी बोलंड यांची म्हणून वाचेन आणि १९८८ ची दोघांची म्हणून. प्रकाशनवर्षाबरोबर रंगकाराचे नावही मुखपृष्ठावर छापले गेले, तर मला हा प्रश्न विचारावाच लागला नसता.