टोर्नाडोला ‘चक्रीवादळ’ म्हणावं का?

दांडियाबाजारकर
भाचीसाठी एक इंग्रजी धडा मराठीत उतरवतोय. एकाच पानावर हरिकेन, टायफून, सायक्लोन, टोर्नाडो. शब्दकोश उघडला तर चौघांपुढेही फिरून फिरून ‘चक्रीवादळ’ नाहीतर ‘तुफान’. आम्हा बडोदेकरांच्या घरात तर वारा जोरात सुटला की सगळंच ‘वावाझोडुं’. वेगळे शब्द आहेत का?

विश्वामित्रीकाठी
पहिल्या तिघांना खुशाल चक्रीवादळ म्हणा. वस्तू एकच, समुद्र वेगळा. अटलांटिकात आणि पूर्व पॅसिफिकात हरिकेन, जपान-फिलिपिन्सकडे टायफून, आपल्याकडे सायक्लोन. हा शब्द तर कलकत्त्यातच जन्मला. हेन्री पिडिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४०च्या दशकात वेटोळ्याच्या ग्रीक शब्दावरून तो घडवला.

उलट भाषांतर करताना मात्र जपून. आपलं हवामान खातं वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की ‘चक्रीवादळ’ म्हणू लागतं. हरिकेन म्हणायला साधारण ११९ लागतात. म्हणजे आपलं प्रत्येक चक्रीवादळ हरिकेन नसतं.

टोर्नाडो ही जातच निराळी. त्याला समुद्र लागत नाही. गडगडाटी ढगाच्या पोटातून सोंड खाली येते, बहुधा काही मिनिटं टिकते, रुंदी सहसा काहीशे मीटरच्या आत. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं आणि दिवसच्या दिवस जगतं. पण त्या चिंचोळ्या पट्ट्यात टोर्नाडोचा वारा ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. आणि हे फक्त अमेरिकेचं दुखणं नाही: २६ एप्रिल १९८९ला बांगलादेशात माणिकगंज भागात एका टोर्नाडोने सुमारे १३०० माणसं मारली. दोन्हींना एकच शब्द लावला तर भाचीला वाटेल, टोर्नाडो म्हणजे लहान चक्रीवादळ.

मांजलपूरची सून
मग ‘वावटळ’ म्हणा की! गुजरातीत वंटोळियो आहेच.

विश्वामित्रीकाठी
नको हो ताई. क्रियापद बघा. वावटळ *उठते*. कडक उन्हात, निरभ्र आभाळाखाली, तापलेल्या जमिनीवरून हवा वर जाते आणि पाचोळा, धूळ गरगरत उचलते. चक्रीवादळ *धडकतं*, कारण ते समुद्रावरून किनाऱ्याला येतं. टोर्नाडो ढगातून *उतरतो*. वावटळीला ढग लागतच नाही. क्रियापदं आपल्याला आधीपासून ठाऊक असतात, नामातच घोटाळा होतो.

पारिभाषिक पुस्तकांत ‘घूर्णवाती वादळ’ असा शब्द वाचलाय. अर्थ नेमका, पण सातवीतल्या मुलीच्या तोंडात बसेल असं वाटत नाही. मी तरी ‘टोर्नाडो’च ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘ढगातून उतरणारा वाऱ्याचा भोवरा’ असं एकदा फोडून सांगेन.

कारेलीबाग
‘तुफान’ अजिबात वापरू नका. पुण्याच्या पाहुण्यांना मी म्हटलं, “आमचा नातू फार तोफान करतो,” तर ते गोंधळले. गुजरातीत तोफान म्हणजे मस्ती, आणि वर्तमानपत्रात तोफान म्हणजे दंगल! मराठीत उलट, तुफान गर्दी, तुफान पाऊस, तुफान विनोदी. तो शब्द आता विशेषण म्हणूनच जास्त नांदतो.

मांजलपूरची सून
माझं माहेर ग्वाल्हेरचं. तिथे मे-जूनमध्ये ‘आंधी आली’ म्हटलं की सगळे गच्चीवरचे कपडे काढायला धावायचे. ती कशात बसते?

विश्वामित्रीकाठी
‘धुळीचं वादळ’ ठीक आहे. बऱ्याचदा तिच्यामागे गडगडाटी ढग असतो. त्यातून थंड, जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आडवी पसरते आणि पुढची धूळ भिंतीसारखी ढकलत आणते. ती गरगर फिरत नाही, सरकत येते. म्हणून आंधीलाही वावटळ म्हणता येणार नाही. कथा-कविता असेल तर मी ‘आंधी’च ठेवीन. मराठीत तिला जोडीचा शब्द नाही, कारण कोकण-देशावर ती तशी येत नाही.

घडियाळी पोळ
मला सांगा, २०२४च्या ऑगस्टमध्ये आपण बुडालो ते चक्रीवादळाने ना? सगळे ‘अस्ना’, ‘अस्ना’ म्हणतात.

विश्वामित्रीकाठी
बुडालो तेव्हा ते चक्रीवादळ नव्हतं. जमिनीवरून सरकत आलेलं अतितीव्र कमी दाबाचं क्षेत्र होतं. वारा ६२च्या खाली, पाऊस मात्र बेसुमार. विश्वामित्री नदी फुगली ती त्या पावसाने. पुढे कच्छवरून अरबी समुद्रात शिरल्यावर ३० ऑगस्टला त्याला ‘अस्ना’ हे नाव मिळालं. तौक्ते खरं चक्रीवादळ होतं: १७ मे २०२१च्या रात्री दीवच्या पूर्वेला, उनाजवळ धडकलं. कमी दाबापासून चक्रीवादळापर्यंतच्या पायऱ्या वाऱ्याच्या वेगावर ठरतात, पावसावर नाही, आणि इथेच लोक फसतात. ‘नुसता कमी दाब आहे’ ऐकून निर्धास्त राहतात.

कारेलीबाग
आमच्या तळमजल्यावर त्या ‘नुसत्या’ कमी दाबाचं पाणी कमरेपर्यंत होतं.

दांडियाबाजारकर
आभारी आहे. वाक्य असं केलंय: ‘दुपारी गारा पडल्या आणि थोड्याच वेळात गावावर टोर्नाडो धडकला.’

विश्वामित्रीकाठी
‘गावाजवळ उतरला आणि गावातून गेला’ करा.

मांजलपूरची सून
आणि तो की ते? माझ्या कानाला ‘ते टोर्नाडो’ बरं वाटतं, वादळ नपुंसकलिंगी म्हणून.

विश्वामित्रीकाठी
भोवरा पुल्लिंगी, म्हणून मी ‘तो’ म्हणतो. ओकारान्त परके शब्दही बहुधा तसेच वळतात: तो फोटो, तो रेडिओ.

मांजलपूरची सून
आमच्याकडे रेडिओ ‘ते’ आहे.