फुप्फुस प्रत्यारोपणानंतर ईबीव्हीची तपासणी सर्वच रुग्णांची नियमित व्हावी का?

कृष्णाकाठ

माझ्या थोरल्या भावाची दोन्ही फुप्फुसे फायब्रोसिसने, म्हणजे ऊती कडक होत जाण्याच्या आजाराने, निकामी झाल्यामुळे त्याचे प्रत्यारोपण करावे लागले. अकराव्या महिन्यात दाढी करताना त्याच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली. घरात सर्वांनी अवधाण म्हणून ती सोडून दिली आणि रुग्णालयानेही आधी दाताचा संसर्ग धरून दोन आठवडे प्रतिजैविके दिली. अखेर बायप्सी झाली तेव्हा पीटीएलडी, म्हणजे प्रत्यारोपणानंतर होणारा लिम्फोमासदृश (लसिका पेशींच्या कर्करोगासारखा) विकार, असे निदान आले. हा शब्द आम्ही त्या दिवशी प्रथमच ऐकला.

एपस्टाइन-बार विषाणू, म्हणजेच ईबीव्ही, १९६४ मध्ये सापडला. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या बी पेशींमध्ये (या रक्तातील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तो आयुष्यभर निद्रिस्त असतो आणि टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. नवे फुप्फुस शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड देऊन आपण नेमका तोच पहारा ढिला करतो, आणि मग विषाणू असलेल्या बी पेशी बेसुमार वाढून पीटीएलडी होऊ शकतो. मूत्रपिंडाच्या तुलनेत फुप्फुसाच्या रुग्णांना ही औषधे अधिक मात्रेत द्यावी लागतात, शिवाय दात्याच्या फुप्फुसाबरोबर त्याच्या लसिका पेशीही मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे त्यांच्यात हा धोका जास्त आहे. असे असताना रक्तातील ईबीव्हीची पीसीआर तपासणी पहिली दोन वर्षे दर महिन्याला प्रत्येकाची व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

सूक्ष्मदर्शी

आपल्या भावाबद्दल वाचून वाईट वाटले, तरीही मी आपल्या मागणीशी सहमत नाही. मी पॅथॉलॉजीत काम करतो, त्यामुळे हे रिपोर्ट रोज नजरेखालून जातात. ज्याला प्रत्यारोपणापूर्वी ईबीव्ही कधीच झालेला नाही आणि ज्याला पॉझिटिव्ह दात्याचे फुप्फुस मिळाले आहे, त्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो आणि त्याची तपासणी पहिले वर्षभर काटेकोरपणे झालीच पाहिजे. आपल्याकडे मात्र बहुतेकांना हा विषाणू लहानपणीच होऊन गेलेला असतो. अशा प्रौढांत रक्तातील प्रमाण वाढलेले दिसूनही विकार होत नाही, तर कित्येकांत प्रमाण नगण्य असताना गाठ निघते. कारण उशिरा होणाऱ्या पीटीएलडीतील बऱ्याच गाठींत हा विषाणू नसतोच.

शिवाय संपूर्ण रक्तावर केलेली चाचणी आणि प्लाझ्मावर केलेली चाचणी यांचे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशेजारी ठेवून घाबरलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. आकडा वाढला म्हणून टॅक्रोलिमस कमी केले आणि रिजेक्शन, म्हणजे शरीराने फुप्फुस नाकारणे, सुरू झाले तर त्याची किंमत कोण मोजणार? मूत्रपिंड गेले तर डायलिसिस आहे. फुप्फुसाला तसा आधार नाही.

चाफेकळी

आम्ही कॅनडात राहतो. माझ्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसे निकामी करणारा आनुवंशिक आजार होता आणि चौदाव्या वर्षी तिचे प्रत्यारोपण झाले. ती ईबीव्ही निगेटिव्ह होती, दाता पॉझिटिव्ह होता. चौथ्या महिन्यात तिच्या रक्तातील विषाणू सलग तीन तपासण्यांत चढत गेला, तेव्हा डॉक्टरांनी टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी थोडी खाली आणली आणि छातीचा सीटी स्कॅन केला. गाठ निघाली नाही, पण सहा आठवड्यांनी तिला सौम्य रिजेक्शन झाले आणि स्टेरॉइडचे तीन दिवसांचे इंजेक्शन घ्यावे लागले. ती रोज सकाळी स्पायरोमीटरमध्ये (फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या यंत्रात) फुंकून आकडा वहीत लिहिते. त्या आठवड्यातील आकडे मी अजून पुसू शकलेले नाही. तरीही मी तपासणीच्याच बाजूने आहे. सूक्ष्मदर्शी म्हणतात तो धोका खरा आहे, पण तो आम्हाला माहीत होता आणि म्हणून आम्ही सावध होतो.

आणखी एक गोष्ट. व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर चालू आहे म्हणजे ईबीव्हीची काळजी नाही, असा समज मी अनेकांकडून ऐकते. ते औषध सीएमव्ही (सायटोमेगॅलो) या दुसऱ्या विषाणूसाठी दिले जाते; बी पेशींत निद्रिस्त असलेल्या ईबीव्हीवर त्याचा परिणाम होत नाही.

सूक्ष्मदर्शी

चाफेकळीताई, आपल्या मुलीसाठी तपासणी योग्यच होती, त्याबद्दल माझा वाद नाही. माझा आक्षेप 'सर्वांची' या शब्दाला आहे. आपल्याकडे प्रत्यारोपित फुप्फुसात गाठ दिसली की आधी क्षयरोग किंवा बुरशी आठवते, आणि त्यात चूक नाही. पण पेट (PET) स्कॅनमध्ये संसर्गही चमकतो आणि लिम्फोमाही चमकतो, त्यामुळे ऊतीचा तुकडा काढल्याशिवाय निर्णय होत नाही. निदान लवकर झाले तर करण्यासारखे खूप आहे. अमेरिकन प्रत्यारोपण शल्यविशारद थॉमस स्टार्झल यांनी १९८४ मध्येच दाखवले की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी केल्यावर यातील काही गाठी विरघळतात. आता बी पेशी नष्ट करणारे रितुक्सिमॅब हे औषध आहे, आणि त्याने भागले नाही तर केमोथेरपी. उशीर होतो तो बायप्सीला, आणि माझ्या मते भांडायचे तर त्यासाठी भांडावे. कृष्णाकाठ, आपल्या भावाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या फाइलमध्ये ईबीव्ही आयजीजीचा, म्हणजे हा विषाणू पूर्वी होऊन गेला होता का हे सांगणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट असेल. तो एकदा पाहावा.

कृष्णाकाठ

काल रात्री फाइल काढली. आयजीजी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे सूक्ष्मदर्शी यांच्या नियमाप्रमाणे दादाची नियमित तपासणी झालीच नसती. बायप्सीच्या रिपोर्टमध्ये गाठीच्या पेशींत ईबीव्ही सापडल्याचेही स्पष्ट लिहिले आहे. दर महिन्याची पीसीआर झाली असती तर तो आधी दिसला असता का, हे सांगता येत नाही, हे मला मान्य करावे लागते. त्यामुळे 'सर्वांची' हा शब्द मी मागे घेतो.

पण एक मागणी मागे घेणार नाही. डिस्चार्जच्या वेळी आम्हाला चार पानी सूचना मिळाली होती. तीत मास्क, उकळलेले पाणी, कच्ची कोशिंबीर टाळणे आणि कबुतरांपासून दूर राहणे, हे सर्व होते. नवी गाठ, आठवडाभर न उतरणारा ताप, कारण नसताना घटणारे वजन किंवा सतत दुखणारे पोट यांबद्दल एक ओळ नव्हती. ती ओळ असती तर दादाच्या जबड्याखालची गाठ आम्ही अवधाण म्हणून सोडून दिली नसती. सध्या त्याचे रितुक्सिमॅबचे चार डोस पूर्ण झाले आहेत, गाठ हाताला लागत नाही आणि पुढचा स्कॅन सोमवारी आहे.