वेल्लोरची दोन वर्षांची अट: सेवा की सक्ती?

दर्यापूरची मावशी
भाचा बारावीला आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची चौकशी केली. मिशनच्या शिफारशीवर प्रवेश मिळाला, तर पुढे दोन वर्षं मिशनच्या दवाखान्यात काम करावं लागतं. घरात वाद पेटलाय. मला अट पटते. तमिळनाडूतल्या तिंडिवनमला एका रात्रीत तिघे जण आयडा स्कडरच्या दारात आले, जिनं पुढे हे कॉलेज काढलं. तिघांचीही बायको अडलेली. आयडा तेव्हा डॉक्टर नव्हती, वडील होते. पण पुरुष डॉक्टर कुणालाच चालेना. सकाळपर्यंत तिन्ही बाया गेल्या. मग ती अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाली, 1900 साली एका खाटेवर वेल्लोरला दवाखाना काढला, 1918 ला मुलींसाठी मेडिकल शाळा. ‘सेवा करून घ्यायला नव्हे, सेवा करायला’ हे तिथलं ब्रीद. त्या जागेवर शिकायचं आणि दोन वर्षं द्यायची नाहीत?

बाँड केलेला डॉक्टर
ताई, मी सरकारी बाँडचं, म्हणजे सरकारी कॉलेजात शिकल्यावर करावी लागणाऱ्या सक्तीच्या सेवेचं, वर्ष मेळघाटात काढलं. रात्री लाइट गेली की मोबाइलच्या उजेडात टाके. सर्पदंशाचा पेशंट आला, विचारायला वरिष्ठ कुणी नाही, रेफर केलं. गाडी यायला दोन तास लागले. तो पोचला की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही. याला सेवा म्हणू नका. पोराला एकटं सोडून वर ब्रीदवाक्य ऐकवणं हा अन्याय आहे.

कपाशीवाला
आणि मिशनची सेवा म्हटलं की मागून धर्मप्रसार आलाच. हे कुणीच का बोलत नाही?

अचलपूरकर
मी बोलतो भाऊ. माह्या आज्याची बोटं महारोगानं वाकली होती. गावानं विहिरीवर येऊ देल्लं नाही. अचलपूरजवळच्या कोठाऱ्याच्या मिशन दवाखान्यात ठेवून घेतलं, जखमा धुतल्या. आजा मरेपर्यंत वारकरी होता, गळ्यात तुळशीची माळ. ती कोणी काढाले लावली नाही. सगळीकडं असंच झालं असंन असं मी म्हणत नाही. पण ज्या हाताले घरचे शिवत नव्हते, तो हात त्याइनं धरला.

वर्धेकर
सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज 1969 पासून आहे. पहिल्या वर्षाची मुलं पंधरा दिवस खेड्यात राहतात, बॅच गाव दत्तक घेते. गांधींच्या वाटेनंही हे होतं. वेल्लोरला कशाला जायचं?

दर्यापूरची मावशी
वर्धेकर, सेवाग्रामचाही फॉर्म भरतोय. डॉक्टर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. पण अडलेल्या बाईनं कुणाकडे बघायचं हो? आमच्या आरोग्य केंद्रात गेल्या पावसाळ्यात डॉक्टरची खुर्ची रिकामीच होती.

बाँड केलेला डॉक्टर
खुर्चीवर कुणीतरी हवंच, ते नाकारत नाही. भाच्याला एवढंच विचारायला सांगा: ज्या दवाखान्यात पाठवतील तिथे रात्री हाक मारली तर येणारा सिनिअर आहे का, रक्ताची सोय किती अंतरावर. उत्तर नीट मिळालं, तर बिनधास्त सही करू द्या.